लंगडीचा ठेका

माझ्या भावाला सगळी गल्ली भोंगा म्हणते. नाव मीच ठेवलंय. पाळण्यात रडायला लागला की पलीकडच्या घरातल्या बायका दुधाचं पातेलं गॅसवर तसंच टाकून धावत यायच्या. मोठा झाला, मिशी फुटली, तरी आवाज काही बसला नाही. पोटासाठी बिघडलेले स्पीकर नि अँप्लिफायर दुरुस्त करायचा आणि जीव रमवायला गाणी करायचा. गाणी कसली, भांडणंच ती! दवाखान्याला कुलूप लागलं, कर गाणं. पुलाची पायरी तुटली, कर गाणं. पाण्याच्या टाकीत कबुतर मेलं त्यावर तर त्याने दोन गाणी केली, एक आमच्या बाजूने आणि एक कबुतराच्या.

मागे कुणी कंपनी नाही, पैसेवाला नाही. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीला जुनी गादी ठोकलेली, एक गिटार, एक लॅपटॉप, संपला संसार. तिथे बसून गाणं करायचं आणि फोनवरून सोडून द्यायचं. मी म्हणायचे, "अरे, प्रेमाबिमाची गाणी कर, चार लोक बोलावतील तरी." तर म्हणायचा, "ताई, प्रेमाची करणारे रग्गड आहेत. तुटलेल्या पायरीचं कोण करणार?" कप्पाळ माझं!

त्याची एक खोड होती. गाण्यातला ठोका कधी आयता घ्यायचा नाही. ज्या जागेचं गाणं, त्याच जागेचा आवाज पाहिजे. पायरीच्या गाण्यासाठी पायरीवर हातोडी मारून तो आवाज घेऊन आला, आणि टाकीच्या गाण्यासाठी गेला तेव्हा फोनच टाकीत पाडून आला.

आता कंपनीबद्दल सांगते. आमच्या वस्तीला लागून पांढऱ्या दगडाची भुकटी करणारी कंपनी आहे. ती भुकटी रंगात जाते, दात घासायच्या पेस्टमध्ये जाते आणि आमच्या छातीत जाते. आमचे हे तिथे फिटर होते. आता खिडकीशी खुर्चीत बसून असतात. एक वाक्य बोलायचं तर मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे घरातली भांडणं मला एकटीलाच करावी लागतात. मी त्याच शेडमध्ये पोती शिवते आणि माझ्या समोरच्या मिलवर, म्हणजे दगड दळायच्या मशीनवर, आमच्या वन्सं दगड घालायच्या.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, राहायला आमच्या भिंतीपलीकडे. नणंद-भावजयीचं आमचं अगदी रीतसर. रोज एक भांडण झालं नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं व्हायचं. "तुझ्या हाताला चव नाही," असं म्हणत दोनदा वाढून घ्यायच्या. पण भोंग्यावर त्यांचा भारी जीव. तो त्यांना आक्का म्हणायचा, त्या त्याला मेल्या म्हणायच्या, आणि नवं गाणं झालं की पहिलं त्यांना ऐकवायचं असा नियमच होता.

शेडमध्ये धूळ ओढून घेणारा एक मोठा पंखा आहे. भिंतीएवढा. तो चालू असेल तर हवा स्वच्छ राहते, म्हणून तर बसवलाय. पण वीज खातो, म्हणून बंद. तपासणीला कुणी आलं की मिल बंद करायची, पंखा चालू करायचा, आणि साहेबाला आत आणायचं. साहेब नाक वर करून हवा हुंगणार, वा वा म्हणणार आणि चहा पिऊन जाणार. तो गेला की पंखा बंद आणि मिल चालू. चोर तो चोर, वर शिरजोर!

मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तो पंखा मिलबरोबर रोज चालावा. यांच्या छातीचं जे व्हायचं ते होऊन गेलं. वन्संचं आणि माझं व्हायच्या आत चालावा, एवढंच. हे मी भोंग्याला बोलून बसले. झालं, बसला गादीच्या खोलीत जाऊन.

"ताई, मिलचा आवाज पाहिजे."

"फोन आत नेला तर नोकरी जाईल."

"मी आणते," वन्सं म्हणाल्या, "तुझी बहीण पहिल्यापासून घाबरट." आणि डोक्याला बांधायच्या फडक्यात फोन गुंडाळून खरंच आणला हो आवाज.

त्या मिलला आम्ही लंगडी म्हणायचो. चालताना ती लंगडायची. ठक्, ठक्, ठठक्. ठक्, ठक्, ठठक्. दिवसभर तेच. तिच्या तोंडात हातानेच दगड लोटावे लागतात. काठीने लोटून बघितलं होतं, पण काठीच्या ढलप्या भुकटीत जातात आणि माल परत येतो, म्हणून काठी बंद. तोंडावर जाळी तर कधी नव्हतीच. मग हात कसा सांभाळायचा? कानाने. दगडाची मोठी गाठ आत अडकायला आली की लंगडीचं लंगडणं थांबायचं, दोन-चार श्वास ती सरळ चालायची, आणि मग दगडासकट जे हाताला लागेल ते आत ओढायची. वन्सं नव्या बायकांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवायच्या. "बयेचं पाऊल वाकडं पडतंय तोवर हात आत. सरळ पडलं की हात बाहेर." इतक्या वर्षांत त्या मिलवर कुणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं.

भोंग्याने तो ठेका उचलला आणि त्यावर गाणं बांधलं. मी त्याची पुष्कळ गाणी ऐकलीत, निम्मी तर बळजबरीने, पण हे गाणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"एका पायावर चाललं गाव,
दुसरा पाय कुणाच्या घरी?
तरणं कोण नि म्हातारं कोण,
सगळ्यांची डोई पांढरी."

पुढच्या कडव्यात पंख्याचं सगळं बिंग फोडलं होतं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "डावं बेअरिंग." मग श्वास घेतला. "मी नवं मागितलं होतं. दिलं नाही." वन्संनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेल्या, एवढं चांगलं करता येतं तर कबुतरापायी कशाला वेळ घालवलास?"

गाणं सुटलं ते सुटलंच. आधीची त्याची गाणी शंभरभर लोक ऐकायचे, त्यात निम्मे आम्हीच नातेवाईक. हे मात्र बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, जिथे जावं तिथे. ठेकाच असा की हात गप्प बसेना. मुलं शाळेत जाताना त्यावर लंगडी घालत जायची. लोक संध्याकाळी कंपनीच्या फाटकासमोर झाकणं नि डबे घेऊन जमायला लागले. ठक्, ठक्, ठठक्. मध्ये भोंगा उभा, गळ्याच्या शिरा ताणून गातोय. मोठ्या साहेबांची गाडी आली की गर्दी बाजूला व्हायची पण ठेका थांबायचा नाही. एकदा तर फाटकावरचा पहारेकरीच दांडक्याने ठेका धरताना सापडला. आम्हाला वाटलं, आता पंखा फिरणार. मला तर वाटलंच. मी वेडी, घरी येऊन यांना म्हटलं, "बघा, फिरतोय की नाही!"

फिरलं ते वेगळंच. एक दिवस तपासणीचा साहेब आला, हातात आवाज मोजायचं यंत्र.

मी म्हटलं, "साहेब, धूळ मोजा की!"

"तक्रार आवाजाची आहे," तो म्हणाला. "गाण्यात आवाजच ऐकू येतो. गाण्यात धूळ कुठे ऐकू येते?"

आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी कंपनीने लंगडीचं डावं बेअरिंग बदललं.

आता मला सांगा, ज्या कंपनीने संडासातला गेलेला दिवा वर्षानुवर्षं बदलला नाही, ती बेअरिंग बदलेल असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल? आम्ही बायका त्या आवाजावर हात आत घालत होतो, भोंग्याने त्याच आवाजावर गाणं केलं, साऱ्या गावाने त्याच आवाजावर डबे बडवले, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की आवाजाची लाज वाटली तर कंपनी फक्त आवाज काढून टाकेल. ही कंपनी काही म्हणता काही दुरुस्त करत नाही, यावर आमचा फार विश्वास. त्या विश्वासानेच आमचा घात केला.

सुट्टीनंतर कामावर आलो तर मिल गुळगुळीत चाललेली. वन्संनी दगड उचलला, तोंडाशी नेला आणि हात मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे. सरळ पाऊल म्हणजे धोका, हे त्यांच्या हाताला माहीत, आणि बया तर सारखी सरळच चाललेली. "अगं, हिला झालंय काय?" त्या मला विचारत होत्या. सुपरवायझर मागून ओरडला, "आरती ओवाळताय का? घाला माल!"

आम्ही सगळ्या जणी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, एक तर जाळी बसवून द्या, नाही तर मशीन पूर्वीसारखं करून द्या. जाळी लावली तर माल कमी पडतो, ते जमणार नाही, म्हणाला. आणि दुसऱ्यावर इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मशीन बिघडवून द्या? बायांनो, आवाज होतो म्हणून गाणी कुणी केली होती?" आम्ही आपापल्या जागेवर परत गेलो.

वन्संनी जपून जपून काम केलं. जपून केलं की माल कमी पडायचा, माल कमी पडला की सुपरवायझर मागे येऊन उभा राहायचा. तो मागे उभा असतानाच झालं. वन्सं ओरडल्यासुद्धा नाहीत. मी खाली पोतं धरून बसले होते, पोत्यात पडणारी भुकटी गुलाबी दिसायला लागली, म्हणून मी वर बघितलं. त्या डाव्या हाताने बटण शोधत होत्या.

उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात भोंगा आला तो दारातच उभा. आत येईना. वन्संनीच हाक मारली. "मेल्या, असा भुतासारखा काय उभा राहतोस? ये." तो येऊन पायाशी बसला. मग वन्सं म्हणाल्या, "गाणं चांगलं होतं हं. त्याला नावं ठेवू नकोस." शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. तो उठून बाहेर गेला आणि जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. मी मागे गेले. तुझा काही दोष नाही म्हणाले. तो म्हणाला, "दोष कुणाचा ते मला माहितीये, ताई. पण आवाज मी मागितला होता."

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. मशीन नुकतंच दुरुस्त केलेलं, तेही लोकांच्या तक्रारीवरून. म्हणजे चूक बाईची. करून सवरून नामानिराळे, आणि वर आमच्याच डोक्यावर मिरे वाटले! भोंगा दुसऱ्या संध्याकाळी गिटार घेऊन फाटकाशी गेला. मीही गेले. झाकणं वाजवणारे तिकडूनच घरी जात होते, पण थांबलं कुणी नाही. एक जण म्हणाला, "आता बंद झाला ना आवाज? मग कशाला ताणतोस?" त्यांचंही खोटं नव्हतं. मिल लंगडायची थांबली तसा तो ठेका लोकांच्या हातातून गेला होता, आणि मुलांच्या तोंडी दुसरंच कुठलं तरी गाणं आलं होतं.

त्याच आठवड्यात सुपरवायझर मला म्हणाला, "सोमवारपासून मिलवर तू."

"मी नाही."

"मग घरी बस. बाहेर रांग आहे."

घरी बसून खाणार काय? एक खुर्चीत, एक खाटेवर. भोंग्याकडेही आताशा स्पीकर येत नव्हते, कंपनीशी वाकडं असलेल्याच्या दारात कोण जाणार? इकडे आड तिकडे विहीर. मी ठरवलं, जायचं. होईल ते होईल.

भोंगा दोन दिवस घरात नव्हता. कुठे होता, तर शेडच्या मागच्या पत्र्याला कान लावून बसलेला. आला तो अंगभर पांढरा. म्हणाला, "ताई, गाठ यायच्या आधी सूर चढतो. थोडासाच. ठोक्यात काही नाही, पण सुरात आहे." दुसऱ्या दिवशी मी जीव कानात आणून ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. शेडमधल्या एकीलाही आलं नाही.

"मला येतं," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी जातो."

"शहाणाच आहेस! त्या धुळीत गळा जाईल तुझा."

"तू गेलीस तर हात जाईल. गळा नसला तरी भांडी घासता येतात."

मी खूप बोलले. रडले, ओरडले, जेवण टाकलं. पण आमच्या घरात हट्टाचा वाटा देवाने त्यालाच जास्त दिलाय. सुपरवायझरला तर आयतीच मेजवानी. "या, या, गवई! आता आतून गा," म्हणाला आणि वर अट घातली, पुन्हा गाणी करायची नाहीत. अट कशाला हवी होती? त्या आधीच त्याने खिडकीची गादी काढून वन्संच्या खाटेवर घातली होती.

मग तो वन्संच्या जागी उभा राहायला लागला. मान एका बाजूला, डोळे मिटलेले. हात आत, हात आत, आणि मध्येच झटकन बाहेर. प्रत्येक वेळी बरोबर. समोर बसून पोती शिवताना माझा टाका चुकायचा, पण त्याचा कान चुकला नाही. आम्हा बायकांना तो शिकवायचा प्रयत्न करायचा, "ऐका, आता चढला बघा," आणि आम्ही उगाच माना हलवायचो. गळा मात्र मी म्हटलं तसाच गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला. गल्लीतले अजून भोंगा म्हणतात. परवा बाजारात त्याने मला हाक मारली तर मला वाटलं कुणी म्हातारा बोलवतोय. घरी तो खोकायला लागला की हे खुर्चीतून खिडकीबाहेर बघायला लागतात.

आणि गंमत बघा. सगळं संपल्यावर त्या गाण्याने काम केलं.

वरच्या कचेरीतून हवा तपासणाऱ्या एक मॅडम न सांगता येऊन उभ्या राहिल्या. गाणं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि पंख्याचं कडवं नीट ध्यानात ठेवलं होतं. सुपरवायझर नेहमीप्रमाणे मिल बंद करायला धावला तर म्हणाल्या, "थांबा. मिल चालू राहू द्या. पंखाही चालू करा. मला दोन्ही एकदम बघायचंय." आजवर एकाही साहेबाच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं. मग आम्हा बायकांकडे वळून म्हणाल्या, "या धुळीच्या यंत्राने फरक दाखवला तर मी दोन्हीचं बटण एकच करायला लावते. पंखा चालू नसेल तर मिल चालूच होणार नाही." देवा, म्हटलं, आला वाटतं तो दिवस.

पंखा सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! बघता बघता समोरची भिंत दिसायला लागली. ती हिरवी आहे हे मला त्या दिवशी कळलं. बायका एकमेकींचे चेहरे बघून हसत होत्या. मी छाती भरून श्वास घेतला आणि तो कुठेही अडकला नाही. मला यांची आठवण आली, वन्संची आली. मी भोंग्याकडे बघितलं.

तो डोळे उघडे ठेवून उभा होता. पंख्याच्या त्या घरघराटात शेजारचीचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मिलचा सूर कुठून येणार? सुपरवायझरने हाताने खूण केली, माल घाल. मॅडमनी यंत्र धरलं होतं, त्या आकड्याकडे बघत होत्या. त्यांना मिल भरलेली चालायला हवी होती, नाही तर मोजणार काय?

भोंग्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, ऐकू येत नाही. आणि मग दगड उचलून हात आत घातला.

मी त्याला पाळण्यापासून ओळखते. त्याच्या तोंडावरचा तो भाव मला माहीत होता. मॅडमचं मोजून होईपर्यंत तो हात घालत राहणार होता, हात राहो नाही तर जावो. दुसरा दगड. तिसरा. मी ओरडले, पण ऐकतो कोण? मॅडमकडे धावले असते तर त्यांना समजावायला किती वेळ गेला असता? मिलचं बटण त्याच्या पलीकडे, पंख्याचं जवळच्या भिंतीवर. मी भिंतीकडे धावले आणि पंख्याचं बटण दाबलं.

पंखा थांबला. मिल ऐकू यायला लागली आणि भोंग्याने झटक्यात हात बाहेर घेतला. आत गाठ अडकली. सगळी मिल हादरली.

"कुणी बंद केलं?" मॅडम संतापल्या होत्या.

"मी."

"का?"

मी सांगितलं. एका दमात सगळं सांगितलं, सूर, गाठ, हात, वन्संची बोटं. मॅडमचा चेहरा उतरला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो सुपरवायझर माझ्या बाजूने बोलला. "बरोबर सांगतेय ही, मॅडम. पंख्याच्या आवाजात मिल ऐकू येत नाही. कामगारांच्या जिवासाठीच तर आम्ही पंखा बंद ठेवतो."

माझ्या तोंडचे शब्द, आणि त्याच्या तोंडात जाऊन असे! मी ओरडले, "जाळी बसवा ना मग! जाळी बसवा आणि दोन्ही चालवा!" मॅडम मिलच्या उघड्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. वाईट बाई नव्हती हो ती. म्हणाली, "मी हवेची, हातांचं खातं वेगळं आहे. मी त्यांना कळवते. पण पंख्यामुळे जिवाला धोका आहे असं कामगारच म्हणत असतील, तर तो सक्तीने चालवा असं मी लिहू शकत नाही." यंत्र पिशवीत ठेवून त्या गेल्या. हातांच्या खात्यातलं अजून कुणी आलेलं नाही.

सुटल्यावर आम्ही दोघं चालत घरी निघालो. फाटक मागे पडल्यावर भोंगा म्हणाला, "थोडं थांबली असतीस. त्यांचं होत आलं होतं."

"तुझा हात गेला असता."

"जाऊ दे ना मग!" त्याला ओरडायचं होतं, पण त्याच्या गळ्यातून नुसती हवा आली. "आक्काचा फुकट गेला. माझा कामी तरी आला असता."

मी त्याच्या मुस्काटात मारली. भर रस्त्यात, एवढ्या बाप्याच्या. लोक बघत होते. आणि मग मीच त्याचा तो हात दोन्ही हातांत धरून उभी राहिले. नखांत भुकटी, तळव्याला घट्टे, पण पाचही बोटं जागच्या जागी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बटण दाबेन, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्याने हात सोडवून घेतला आणि पुढे चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वेळेवर कामावर गेलो. तो मिलवर, मी समोर. पंखा बंद होता.